बर्फावर न पडलेले उतेकर

शिवथरला हरिबा उतेकर पडले, याला बेचाळीस साक्षीदार आहेत आणि ते सगळे महाडात राहतात. कॅनडात हरिबा उतेकर पडले नाहीत, याला तीन हजार साक्षीदार आहेत. पण ते सगळे कॅनडात राहतात. पुढचा सगळा घोटाळा साक्षीदारांच्या या पत्त्यांमुळे झाला.

हरिबा महाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे बसून लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या चोख शब्दांत केलं, की त्यांनी पुकारलेली गाडी चुकली तर प्रवासी स्वतःलाच दोष देत. १३ सप्टेंबर २००३, दुसरा शनिवार, आगारातल्या मंडळींची सहल शिवथरघळीला गेली. पाऊस ओसरला होता, पण पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ होतं. हरिबा सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहिले आणि स्टँडवरच्याच आवाजात त्यांनी सूचना सुरू केल्या, "सर्वांनी डाव्या बाजूनं उतरावं. पाय आडवा टाकावा. घाई करू नये. पायऱ्यांवर शेवाळ..."

एवढं म्हणून ते स्वतः उजव्या बाजूनं, अजिबात पाय न टाकता, सात पायऱ्या उतरले.

उजवा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पाय दुखायचा तो दुखला, पण खरा त्रास भेटायला येणाऱ्यांचा होता. माणूस आत यायचा, चप्पल काढायचा, खुर्ची ओढायचा आणि विचारायचा, "कसे पडलात?" त्याला सगळं ठाऊक असायचं. तो स्वतः त्या बेचाळीसांतला असला तरी विचारायचा. हरिबांच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी होती. पुढे कामावर रुजू झाल्यावर तर खिडकीतून प्रश्न यायला लागले, "साहेब, पोलादपूर गाडी सुटली का घसरली?"

बर्फावरच्या हॉकीचा या कथेत प्रवेश होतो तो प्लास्टरच्या दुसऱ्या महिन्यात. हरिबांच्या इमारतीत राजू केबलवाल्याची तीन चॅनेलं स्वच्छ दिसत. एकावर अखंड प्रवचन, एकावर गुजरातीतून शेअरचे भाव आणि तिसऱ्यावर परदेशी खेळ. सकाळी सहाला हरिबा तिसरं लावत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, राजूचं यंत्र बिघडलंय, कारण पडदा पांढराफेक होता. मग त्या पांढऱ्यावरून दहा-बारा माणसं धावत गेली. धावत म्हणजे, पाय न उचलता. अंगावर चिलखत, पायांत सुऱ्या बसवलेले बूट, हातांत काठ्या आणि पुढे साबणाच्या वडीएवढी काळी रबरी चकती. ती जाळ्यात घालायची. मध्ये कोणी आला, तर त्याला कठड्यावर आपटायचं. हे नियमात बसत होतं.

हरिबांनी चहा थंड होऊ दिला. मोडका पाय उशीवर ठेवून ते बघत राहिले. मोठी, वजनदार, मिशा-दाढीवाली माणसं बर्फावरून ताशी तीस मैल वेगानं जात होती, एकाच पायावर वळत होती, उलटं धावत होती आणि पडत नव्हती.

"मंजुळा," ते बायकोला म्हणाले, "ही माणसं बघ."

मंजुळाबाईंनी कणीक तिंबता तिंबता बघितलं. "मारामारी चाललीय."

"मारामारी सोड. पाय बघ त्यांचे."

डिसेंबरपर्यंत हरिबांना त्या खेळाचे सगळे नियम पाठ झाले. कुठल्या संघाचा गोलरक्षक डाव्या अंगाला कच्चा आहे, हे ते दूधवाल्याला सांगू लागले. दूधवाला ऐकून घेई, कारण महिनाअखेर असे.

३१ मे २००४ रोजी हरिबा निवृत्त झाले. निरोप समारंभात आगारातल्या एका वक्त्यानं मनापासून स्तुती केली, "उतेकरसाहेबांनी इतक्या वर्षांत एक गाडी चुकीच्या फलाटावर लावली नाही. सगळ्यांना व्यवस्थित उतरवलं." इथं तो थांबला. "स्वतः मात्र एकदाच उतरले."

मंडप हसला. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, हे हरिबांनी व्यासपीठावरून बघितलं. उत्तराच्या भाषणासाठी त्यांनी दोन पानं लिहून आणली होती. ती त्यांनी खिशातच ठेवली.

"हसा," ते माइकवर म्हणाले. "पण जगात अशी माणसं आहेत जी बर्फावर धावतात आणि पडत नाहीत. मी त्यांना समक्ष बघायला कॅनडाला जाणार आहे. तिकीट काढून."

टाळ्या पडल्या. हरिबा खाली बसले आणि आपण काय बोललो ते त्यांना कळलं. शेजारच्या मंजुळाबाईंना ते आधीच कळलं होतं. त्या आता हसत नव्हत्या.

कॅनडात त्यांची लेक रंजिता आणि जावई किरण राहत होते, टोरांटोत. चार वर्षं ती दोघं या, या म्हणत होती आणि हरिबा विमानात बसायला नको म्हणून टाळत होते. आता समारंभात बोललेला शब्द मागे घेणं म्हणजे आणखी सात पायऱ्या.

पासपोर्टच्या अर्जावर कायमचा पत्ता म्हणून त्यांनी पोलादपूर तालुक्यातली, उमरठच्या वरच्या अंगाची आपली वाडी लिहिली. तिथं त्यांचं घर होतं, दोन म्हशी होत्या आणि ऐंशी वर्षांची साळू आत्या होती. चौकशीला पोलीस येईल, हे अर्ज भरताना सर्वांना माहीत होतं. फक्त साळू आत्याला सांगायचं राहिलं.

हवालदार धापा टाकत वाडीवर चढला आणि अंगणात विचारता झाला, "हरिबा धोंडू उतेकर इथलेच का?"

आत्यानं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. खाकी कपडे, हातात कागद. तिनं म्हशीला वैरण टाकली.

"कोण हरिबा?"

"हरिबा उतेकर. एसटीत होते."

"आमच्यात असा कोणी नाय."

"आजी, हे घर कोणाचं?"

"म्हशींचं."

हवालदारानं शेजारीही विचारलं. आत्यानं नाही म्हटल्यावर शेजारचे हो म्हणणार कसे? सगळी वाडी हरिबाला ओळखेनाशी झाली. ज्या शाळेत ते शिकले तिथले गुरुजीसुद्धा वाऱ्याची दिशा बघून म्हणाले, की उतेकर पुष्कळ आहेत, हा नक्की आठवत नाही. अहवाल गेला: दिलेल्या पत्त्यावर सदर इसम राहत नाही व कधी राहिल्याचे दिसून येत नाही.

हरिबा वाडीवर धावले. "आत्या, मी इथं जन्मलो गो!"

"म्हंजे काय, माझ्याच हातावर जन्मलास."

"मग पोलिसाला नाही का म्हणालीस?"

"खाकीवाला तुझं नाव घेत आला तर मी तुला धरून देऊ होय रे? आधी मला सांग, तू काय केलंस?"

शेवटी आत्याला जीपमध्ये घालून पोलादपूरच्या ठाण्यात नेलं. "हाय," ती हवालदाराला म्हणाली, "हरिबा हाय. माझाच भाचा हाय. पर त्याला धरायचा असंल तर परत नाय." हे हवालदारानं सभ्य भाषेत लिहून घेतलं आणि पासपोर्ट आला.

आता व्हिसा. इथं शेजारी चांगूभाऊ शेलारांचा सल्ला आला. चांगूभाऊ निवृत्त तलाठी. सरकारी कागदाला काय खरं वाटतं आणि काय खोटं, याचा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. शिवाय १९८७ च्या डिसेंबरात ते तीन दिवस महाबळेश्वरला राहिले होते, त्यामुळे इमारतीत थंडीविषयी शेवटचा शब्द त्यांचाच असे.

"हॉकी बघायला जातो असं सांगू नका," चांगूभाऊ म्हणाले. "लेकीचं बाळंतपण सांगा. बाळंतपणाला कोणी नाही म्हणत नाही."

"रंजिता गरोदर नाही."

"ते तुम्हाला माहीत. त्यांना कुठं माहीत आहे?"

"आणि तिकडं गेल्यावर बाळ कुठून दाखवू?"

"ते पुढचं पुढे. मी काय म्हणतो, थंडी तळपायातून चढते. तळपाय सांभाळा. बाकी अंग उघडं टाकलंत तरी चालेल."

तळपायाचं हरिबांनी हसण्यावारी नेलं. ते आपण लक्षात ठेवावं.

व्हिसाच्या मुलाखतीत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हरिबांनी खरं तेच सांगितलं. खिडकीपलीकडच्या गोऱ्या साहेबानं दुभाषी बाईला दोनदा विचारून घेतलं. महाडसारख्या ठिकाणचा अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ बर्फावरची हॉकी बघायला येतोय, यात त्याला काहीतरी काळंबेरं दिसत होतं. त्यानं नियम विचारले. हरिबांनी सांगितले. त्यानं मागच्या हंगामाचा विजेता विचारला. हरिबांनी शेवटच्या सामन्याचा गुणफलक, गोल करणाऱ्यांची नावं आणि कोणत्या मिनिटाला कोण शिक्षा भोगत बाहेर बसला होता, हे स्टँडवरच्या आवाजात सांगितलं. मागच्या रांगेतली दोन माणसं गाडी लागली समजून उठून उभी राहिली. साहेबानं हसत शिक्का मारला आणि इंग्रजीत म्हणाला, "यंदा तुमचं नशीब आमच्यापेक्षा चांगलं असो."

हरिबा "थँक्यू" म्हणाले. असं का म्हणाला, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

ऑक्टोबर उजाडला आणि तिसऱ्या चॅनेलवर हॉकी लागेना. बिलियर्ड लागे, घोडे लागत, एकदा तर लाकडं तोडण्याची शर्यत लागली, हॉकी नाही. हरिबांनी राजूला गाठलं.

"राजू, हॉकी का दिसत नाही?"

राजूला काही ठाऊक नव्हतं, पण केबलवाल्याला ठाऊक नाही म्हणून चालत नाही. "कशेडीला दरड आली ना काका," तो म्हणाला.

आणि हरिबांना ते पटलं! आकाशातल्या उपग्रहावरून येणारं चित्र कशेडी घाटात दरडीखाली कसं सापडेल, हा प्रश्न शाळकरी पोराला पडला असता; हरिबांना पडला नाही. सगळी नोकरी त्यांनी हेच कारण लाउडस्पीकरवरून सांगण्यात घालवली होती. खेडची गाडी का आली नाही, कशेडीला दरड. चिपळूणची का रखडली, कशेडीला दरड. जगातली यायची वस्तू आली नाही तर ती कशेडीत अडकली आहे, ही त्यांची खात्री होती. "काढतायत का?" एवढंच त्यांनी विचारलं. "जेसीबी लागलाय," राजू म्हणाला.

जानेवारीच्या अठरा तारखेला हरिबा आणि मंजुळाबाई टोरांटोला उतरले. बाहेर उणे सोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे समोर आल्यावर हरिबांनी वही काढली. "किरणराव, सामने कधी कधी आहेत? तारखा लिहून घेतो."

किरणनं रंजिताकडे बघितलं. रंजितानं पोह्यांकडे बघितलं.

"बाबा," किरण म्हणाला, "यंदा मोठी लीग बंद आहे. सप्टेंबरपासूनच. मालक आणि खेळाडूंचं पगारावरून भांडण झालंय. एकही सामना झाला नाही."

"बंद आहे?"

"मीच म्हटलं सांगू नका," रंजिता म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?"

मंजुळाबाई पोह्यांवर खोबरं घालत होत्या. "म्हणजे कशेडीला दरड नव्हती," त्या म्हणाल्या.

हरिबांनी वही मिटली. मग त्यांच्यातला युनियनचा जुना सभासद जागा झाला. "संप खेळाडूंनी केला की मालकांनी टाळं लावलं?"

"मालकांनी."

"मग त्याला नुसतं बंद म्हणू नका, किरणराव. टाळेबंदी म्हणा. मला तिथं घेऊन चला."

उणे सोळामध्ये, माकडटोपी, दोन स्वेटर आणि जावयाचा कोट घालून हरिबा त्या प्रचंड स्टेडियमच्या बंद दारासमोर उभे राहिले. आजूबाजूला एकही खेळाडू नव्हता, पाल नव्हतं, पाटी नव्हती, घोषणा नव्हत्या. "लढा असा नसतो," ते खिन्नपणे म्हणाले. "निदान दाराशी दोघंजण बसवायला हवे होते."

पण मनातून ते हादरले होते. समारंभात दिलेला शब्द होता. निघताना इमारतीनं नारळ-शाल दिली होती आणि आल्यावर 'मी पाहिलेली बर्फावरची हॉकी' या विषयावर भाषण ठरलं होतं. चांगूभाऊंनी तर अध्यक्षपद आधीच स्वीकारलं होतं. तिथं उभं राहून टाळं पाहिलं म्हणून सांगायचं? शिवथर परवडलं.

किरणला सासऱ्याची दया आली. टोरांटोपासून दोन तासांवर एक गाव होतं आणि त्या गावाचा संघ खालच्या लीगमध्ये खेळत होता. त्या लीगला टाळं लागलं नव्हतं.

"हौशी आहेत का?" हरिबांनी संशयानं विचारलं.

"नाही, व्यावसायिक आहेत. पगारी."

"कायम की रोजंदारी?"

"करारावर असतात बाबा."

"हंगामी," हरिबांनी वहीत लिहिलं. "चालेल."

२९ जानेवारी, शनिवार. लोक तीन हजार, जागा कठड्यापासून चौथ्या रांगेत. टीव्हीवर जे दिसत नाही ते इथं पहिल्या मिनिटात हरिबांच्या अंगावर आलं. सुऱ्या बर्फाला कापत जातात त्याचा आवाज म्हणजे ओल्या नारळावर विळी फिरावी तसा. फक्त विळ्या दहा आणि नारळ गावाएवढा. चकती कठड्यावर आदळली की बाकड्यातून कंबरेपर्यंत हादरा येई. चकती स्वतः तर दिसतच नव्हती; ती कुठं आहे, हे माणसं कुठं चेंगरतायत त्यावरून ओळखायचं. लाउडस्पीकरवरचा निवेदक मात्र अगदीच सुमार होता. शब्द खात होता. हरिबांनी मान हलवली.

मग त्यांच्या लक्षात आलं, की ही माणसं पडत होती.

टीव्हीवर कॅमेरा चकतीमागे धावतो. मागे कोण उताणा झाला ते दाखवत नाही. इथं सगळं दिसत होतं. वळताना पडत होते, थांबताना पडत होते, कोणी न ढकलता आपले आपणच पडत होते. पहिल्या वीस मिनिटांत हरिबांनी वहीत रेघा मारल्या: सतरा. आणि तीन हजारांतला एकही माणूस हसत नव्हता. पडणारा उठत होता आणि पुन्हा धावत होता. बाहेर बसलेल्या मित्रानं त्याला विचारलं नाही, "कसा पडलास?"

"मंजुळा," हरिबा हळूच म्हणाले, "कोणी काही विचारत नाही गं."

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. स्वतःची शाल त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यांवर टाकली.

दुसऱ्या मध्यंतरात निवेदकानं तिकिटाचे तीन नंबर पुकारले. रंजिता किंचाळली. त्यांतला एक हरिबांचा होता. तिघा प्रेक्षकांनी बर्फावर उतरायचं, काठीनं चकती मारायची आणि लांबच्या फळीतल्या भोकातून घालायची. बक्षीस, संघाची टोपी. नाही म्हणायला इंग्रजी यावं लागतं, तेवढी सवड मिळाली नाही. दोन माणसांनी हरिबांना कठड्याच्या दाराशी नेलं.

पुढे जे झालं ते नीट समजून घेतलं पाहिजे. दारापासून मारायच्या जागेपर्यंत बर्फावर लाल गालिचा अंथरला होता. प्रेक्षकांनी घसरू नये म्हणून तो होता. पण लाल गालिचा हरिबांना नवा नव्हता. आमदार आले, विभाग नियंत्रक आले, की स्टँडवर तो अंथरला जाई आणि हरिबा त्याच्या कडेला, फुफाट्यात, हात बांधून उभे राहत. गालिचा प्रमुख पाहुण्यांसाठी असतो. त्यावर पाय ठेवायची आगाऊपणाची गोष्ट त्यांच्या हातून आयुष्यात झाली नव्हती. ते कडेनं निघाले.

त्याआधी त्यांनी आणखी एक केलं. समोर मैदान होतं. वाडीवर कबड्डीच्या मैदानात चपला घालून कोणी गेला, तर म्हातारी माणसं काठी घेऊन मागे लागत. हरिबांनी दाराशी बूट काढले. मोजे काढून बुटात घातले. अनवाणी बर्फावर उतरले, वाकले, उजवा हात मैदानाला लावून कपाळाला लावला आणि चालू लागले.

दारावरचा माणूस ओरडेपर्यंत ते मध्यावर पोचले होते. बर्फ सुरुवातीला चटका देत होतं. मग काहीच वाटेना. भाताच्या खाचरात चालतात तशी त्यांनी पायाची बोटं रुतवली. एक पाय, दुसरा पाय. उजवीकडे, गालिच्यावरून चाललेले, तिघांतलेच एक स्थूल गृहस्थ कडेला आले आणि बुटांसकट दणकन आडवे झाले. हरिबांनी वळून त्यांना हात दिला आणि उभं केलं. तीन हजार माणसं उठून उभी राहिली.

चकती भोकाच्या सहा हात बाजूनं गेली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. टोपी मिळाली. परत निघायला कोणी सांगितलं नाही, म्हणून हरिबा बर्फाच्या मधोमध उभे राहिले. त्यांना तिथून हलावंसं वाटत नव्हतं. आपल्या दोन पायांवर, ताठ, न घसरता ते उभे होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. एकूण चार मिनिटं. हा आकडा नंतर डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिला.

दोन्ही तळपायांना हिमदाह. फोड. घोट्यापर्यंत बँडेज, तीन आठवडे पाऊल टेकवायचं नाही.

१३ फेब्रुवारीला संध्याकाळी जीप महाडला इमारतीखाली थांबली, तेव्हा सगळे खाली जमले होते. आधी मंजुळाबाई उतरल्या. मग दारातून दोन पांढरी बँडेजं बाहेर आली आणि त्यांच्या मागून हरिबा.

सगळ्यांच्या नजरा बँडेजांवर गेल्या. मग चांगूभाऊ म्हणाले, "अरेरे! पुन्हा?"

"पुन्हा नाही. ऐका..."

"दोन्ही पाय? कसे पडलात?"

प्लास्टिकच्या खुर्चीत घालून चौघांनी त्यांना दुसऱ्या मजल्यावर चढवलं. चौघं गेल्या खेपेचेच होते. कोणी कुठला पाय धरायचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वर पोचेपर्यंत आणि पोचल्यावर मिळून हरिबांनी अकरा मिनिटं सविस्तर खुलासा केला. गालिचा, बूट, मैदान, चार मिनिटं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं. शेवटी राजू म्हणाला, "समजलं काका. पण पडलात कसे?"

हरिबांनी हुकमाचा एक्का काढला. त्या गावच्या वर्तमानपत्रात त्यांचा फोटो छापून आला होता. तो त्यांनी टेबलावर पसरला.

फोटोग्राफरनं नेमका नमस्काराचा क्षण पकडला होता. फोटोत हरिबा कंबरेत वाकलेले, एक हात बर्फावर, माकडटोपी डोळ्यांवर, मागे तोंडावर हात घेतलेले लोक.

"पडतानाच घावलेत की," राजू हळहळला.

"पडले नाहीत हो ते!" मंजुळाबाई चिडल्या. "मी होते ना तिथं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"वहिनी," चांगूभाऊ समजुतीनं म्हणाले, "तुम्ही असंच बोलणार. आम्ही कुठं काय म्हणतोय? मी निघताना बजावलं होतं, तळपाय सांभाळा."

पुढचा आठवडा शिवथरच्या आठवड्यासारखाच गेला. माणूस आत यायचा, चप्पल काढायचा, खुर्ची ओढायचा. फरक एकच होता आणि तो हरिबांच्या लक्षात यायला चार दिवस लागले. लोक आता हसत नव्हते. आगारातला तो निरोप समारंभाचा वक्तासुद्धा फोटोतल्या बर्फाकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, लागलं असेल हो. बर्फ म्हणजे लोखंडच."

रविवारी २० फेब्रुवारीला इमारतीच्या अंगणात भाषण होतं. साळू आत्यालाही वाडीवरून आणलं होतं. पहिल्या रांगेत ती काठीवर हनुवटी टेकून बसली. अध्यक्ष चांगूभाऊंनी प्रास्ताविकात महाबळेश्वर सांगितलं. मग हरिबांच्या खुर्चीसमोर माइक आला. त्यांनी घसा साफ केला. समोरच्या बेचाळीसांपैकी निदान तिसांकडे त्यांनी नीट बघितलं.

"लक्ष द्या," ते स्टँडवरच्या आवाजात म्हणाले. "महाड आगाराचे निवृत्त वाहतूक नियंत्रक हरिबा धोंडू उतेकर हे दिनांक २९ जानेवारी रोजी, कॅनडा या देशात, तीन हजार प्रेक्षकांसमोर, व्यावसायिक हॉकीच्या मैदानावर, बर्फावर पडले आहेत."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पलीकडच्या पिंपळावरचे बगळे उडाले. मंजुळाबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या नवऱ्याकडे डोळे विस्फारून बघत होत्या.

वर आल्यावर त्यांनी दार लावलं. "आयुष्यात एकदा पडला नाहीत, तर तेच खोटं सांगितलंत?"

"शेवाळावर पडलेले या तालुक्यात घरोघरी आहेत," हरिबा म्हणाले. "बर्फावर पडलेला मी एकटा. आता शिवथरचं नाव कोणी काढणार नाही, बघ तू."

साळू आत्या टेबलाशी बसून वर्तमानपत्र डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. तिनं फोटोतल्या हरिबाच्या हातावर बोट ठेवलं.

"ह्यो काय पडत नाय," ती म्हणाली. "मैदानाला हात लावतोय. तुझा बापूस पन असाच डाव्या गुडघ्यात वाकायचा."

मंजुळाबाईंना भरून आलं. हरिबांनी घाईघाईनं दाराकडे बघितलं, बाहेर चांगूभाऊ तर नाहीत ना.

"आत्या, हळू. कोणाला बोलू नको गो हे."

आत्यानं वर्तमानपत्राची घडी घातली आणि कमरेला खोचली. "मी कशाला बोलतेय? कोण इचारायला आला तर सांगीन, आमचा हरिबा पडला. चांगला आपटला."

"पोलीस आला तरी?"

"खाकीवाला आला तर दोनदा पडला म्हणून सांगीन," साळू आत्या म्हणाली.